कडी नसलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. ग्रंथालयाचा असतो तर जरा ऐटीत सांगितलं असतं. पण मी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा. मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

सुतारकाकांनी मला जाड फळ्यांतून घडवलं, हिरवा रंग दिला आणि आतून पितळी कडी बसवली. ती नीट लागते ना, हे त्यांनी स्वतः आत जाऊन पाहिलं. "आता पोरी निवांत," असं म्हणून ते गेले. बरीच वर्षं तसंच चाललं. माझं कौतुक कोणी केलं नाही. सुरळीत चाललेल्या कामाकडे बघतंय कोण?

मग शाळेत व्यसन आणि मारहाण रोखण्याचा उपक्रम आला. भाषणं झाली, शपथ झाली, माझ्याही अंगावर 'नशेला नाही म्हणा' असा कागद चिकटला. नेमकं त्याच आठवड्यात आत सिगारेटचं थोटूक सापडलं. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, तडक आल्या. बाई वाईट नव्हत्या हो, घाबरल्या होत्या. "कडीच काढून टाका," त्या शिपाईमामांना म्हणाल्या, "म्हणजे कोणाला लपून काही करता येणार नाही." मामांनी पेचकस आणला आणि माझी कडी काढली.

धूर काही थांबला नाही, तो पाण्याच्या टाकीमागे गेला. इथे मात्र नवाच ताप सुरू झाला. धावण्याच्या संघाची कप्तान वरच्या वर्गात होती. तिला सगळे कप्तानच म्हणत. लहान मुलगी आत गेली की ती मला धाडकन ढकलायची आणि मैत्रिणींसोबत खिदळायची. हे माझ्याच हातून व्हायचं, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. पाचवीतली एक बारकुडी पोर, पिटुकली, ती तर यायचीच बंद झाली.

एका दुपारी पिटुकली वर्गात चक्कर येऊन पडली. उपक्रमासाठी नेमलेल्या समुपदेशक ताईंनी तिला उचलून बाहेर वाऱ्याला आणलं आणि माझ्या समोरच्या बाकावर निजवलं.

"डबा खाल्लास ना?"

"खाल्ला."

"आणि पाणी?"

"शाळेत नाही पीत मी."

"का गं?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "प्यायलं की तिथे जावं लागतं. मागे मला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच केलं तर किडनी बिघडेल. पण ताई, तिथे नको. कडी नाही, मुली दार ढकलतात."

ताई मोठ्या बाईंकडे गेल्या. भाषण ठोकलं नाही, एवढंच म्हणाल्या, "बाई, उद्या आपणही मुलींचंच स्वच्छतागृह वापरू या."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. एक पाय माझ्यावर टेकवलेला, एक हात माझ्यावर दाबलेला, अशी त्यांची आत कसरत चालली होती. बाहेर पावलं वाजली. "अगं, आहे मी आत!" त्या ओरडल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर घाम होता. "सुतारांना बोलवा," त्या म्हणाल्या, "आजच."

कडी बसली. पिटुकली पुन्हा येऊ लागली. दार कोण ढकलायचं, ते ताईंनी शोधून काढलं, तेव्हा कप्तानने पिटुकलीची माफी मागितली, पण तोंडदेखली.

पुढे एकदा कप्तानच आत शिरली आणि कडी लावून बसली. तास सुरू झाला तरी बाहेर येईना. माझ्या फटीतून धुराचा वास आला. मोठ्या बाई धावत आल्या. "बघा! म्हणून मी म्हणत होते..."

"थांबू या जरा," ताई म्हणाल्या. त्यांनी हलकेच टकटक केली. "कप्तान, मी बाहेरच आहे. घाई नाही."

आत काय चाललं होतं, ते फक्त मला माहीत होतं. सिगारेट कधीच विझवलेली होती. कप्तान तोंडावर ओढणी दाबून रडत होती. तिचा हात कडीवर यायचा आणि मागे जायचा. मोठ्या बाईंची चुळबुळ सुरू होती, पण त्याही थांबल्या.

शेवटी कडी उघडली. कप्तानच्या हातात सिगारेटचं चुरगळलेलं पाकीट होतं.

"दादाचं आहे," ती म्हणाली. "तो मारतो मला, ताई."

त्या दिवशी ती एकटी घरी गेली नाही. ताई आणि मोठ्या बाई, दोघी सोबत गेल्या.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, खालची फळी कुजलीय. रंग द्या, न द्या, तुमची मर्जी. पण दार लावलेलं दिसलं, तर ढकलू नका. टकटक करा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर निघून जाऊ नका.