कडू लवकीचा निवाडा

पुंजाजी आणि उकंडाजी हे दोघे व्याही एकमेकांशी धड बोलत नव्हते ते एका लवकीपायी. लवकी म्हणजे दुधी भोपळाच, पण आमच्या भागात त्याला एवढ्या मोठ्या नावाने कोणी हाक मारत नाही. प्रयागबाईच्या लग्नात तिच्या बापाने, म्हणजे उकंडाजीने, भांड्याकुंड्यांसोबत फडक्यात बांधून लवकीचं बी दिलं होतं. माळ्यामाळ्यांची सोयरीक ती. सोनं थोडं कमी पडलं तर चालतं, बियाण्याचा मान राहिला पाहिजे. पुंजाजीने ते बी शेलूबाजारजवळच्या आपल्या भाजीपाल्याच्या वाडीत, विहिरीच्या कडेला लावलं. वेल मांडवभर चढला, लवक्या लोंबल्या, आणि पहिलीच भाजी अशी कडूजहर निघाली की पुंजाजी भरलं ताट सोडून चूळ भरायला विहिरीवर पळाला.

झालं. त्या दिवसापासून पुंजाजी सगळ्या बाजाराला सांगत सुटला की सारा खेळ बियाचा असतो, बी नासकं तर देवाचं वावर असलं तरी काही व्हायचं नाही. हे धनजला राहणाऱ्या उकंडाजीच्या कानावर गेलं. तो पेटला. बी कुठलंही घ्या, म्हणे, सारी करामत जमिनीची आणि पाण्याची. इवायाची, म्हणजे व्याह्याची, विहीर खारी, त्यात बियाने काय करावं? लग्न असो, तेरवी असो, बारसं असो, दोघे समोरासमोर आले की लवकी निघायचीच. लोक बाजूला सरकून बसत, कारण एकदा सुरू झाले की जेवणाची पंगत उठली तरी यांचं उठत नसे.

मग तुळसा झाली आणि त्या लवकीला नवी पालवी फुटली.

तुळसा ही प्रयागबाईची एकुलती एक पोर, सहाएक वर्षांची. बोलायची दोन-चार शब्द, तेही मनात आलं तर. हाक मारली तर वळून बघायची नाही, बहिरी म्हणावी तर मोटेचं चाक करकरलं की वाडीच्या दुसऱ्या टोकाहून धावत यायची आणि बैल ये-जा करतात त्या धावेपाशी बसून तोंडाने हुबेहूब तोच आवाज काढायची. मोट थांबली की रडायची. वांगी, कांदे, पाहुण्यांच्या चपला, जे हाताला लागेल ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायची, आणि त्यातलं एक जरी कोणी हलवलं तर घर डोक्यावर घ्यायची. भाकर खायची ती फक्त आईच्या हातची, तीही काठ तोडलेली. प्रयागबाईला यात काही जड जात नव्हतं. काठ तोडायला असा कितीसा वेळ लागतो, असं तिला वाटायचं. बाकीच्यांनाच फार जड जात होतं.

सासू गोजराबाई आणि प्रयागबाई पोरीला घेऊन अकोल्याच्या एका डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. त्याने पोरीचे कान पाहिले, जीभ पाहिली, आणि चष्मा पुसत विचारलं, आई मुलीला माया लावते का नाही? अशी मुलं कोरड्या आईच्या पोटी होतात असं त्याने कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं म्हणे. प्रयागबाईला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. गोजराबाई ही जन्माची अबोल बाई. डॉक्टरसाठी म्हणून घरून आणलेली पेरवाची टोपली टेबलाखालून तिने ओढून घेतली, डोक्यावर ठेवली आणि चालू लागली. सगळे पेरू सासूसुनांनी येताना खाल्ले.

डॉक्टरचं एक ठीक होतं, तो अकोल्यात राहत होता. हे दोघे म्हातारे उरावर होते. माळ्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो, बाप म्हणजे बी आणि माय म्हणजे वावर. मग पोरीचं हे असं कोणामुळे झालं? पुंजाजीने आयुष्यभर बी बी म्हणून घसा कोरडा केलेला, पण इथे बी निघालं त्याच्याच पोराचं, दौलतचं! म्हातारा रात्रीतून उलटला. बियात काही नसतं हो, असं तो आता सांगू लागला, सारा दोष वावराचा. तिकडे उकंडाजीही अडकला, कारण वावर म्हणजे त्याची सख्खी लेक. त्यानेही शब्द फिरवला आणि सगळं बियावरच असतं असं ठणकावू लागला. दोघांनी एकमेकांची जागा घेतली, तरी भांडणात तिळाएवढा फरक पडला नाही. दौलत बिचारा, शेवटी जो बोलेल त्याचं खरं मानणारा गडी. तो दोघांकडेही मान हलवायचा.

इथवर हसण्यासारखं होतं. पण एक दिवस पुंजाजी जेवता जेवता म्हणाला की रोप एका वाफ्यात सुधरत नसेल तर उपटून दुसरीकडे लावावं. तुळसाला कारंज्याला आपल्या बहिणीकडे ठेवू, वर्षभर मायची सावली पडू द्यायची नाही, बघा कशी चुरूचुरू बोलते ते. प्रयागबाईच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली. कारंज्याची आत्याबाई तिला ठाऊक होती. पाहुण्यांच्या चपला ओळीने लावणाऱ्या पोरीला ती बाई काय करील, हेही ठाऊक होतं. त्या गावठाणातल्या घरी मोट कुठली, आणि काठ तोडायला कोण बसणार? पोर उपाशी राहील आणि कोणाला सांगणारही नाही. प्रयागबाई दौलतकडे बघू लागली, आणि दौलतने मान हलवली.

उकंडाजीला हे कळताच तो बैलबंडी जुंपून आला. लेकीची कड घ्यायला नाही, वावराची कड घ्यायला. तो म्हणाला, दोष वावराचा हे आधी सिद्ध करा. दोघांची जुंपली, आणि शेवटी हेमला नाईकाला मध्ये घातलं. हा जवळच्या तांड्याचा नाईक, बाजारात दोघांकडूनही भाजी घ्यायचा, त्यामुळे त्याचा शब्द दोघेही मानत. ठरलं असं की त्याच जुन्या लवकीचं बी दोन्ही वाड्यांत लावायचं. पीक आलं की नाईकाने चाखायचं. धनजची गोड आणि इथली कडू निघाली, तर दोष वावराचा, तुळसा कारंज्याला. दोन्हीकडची कडू निघाली, तर दोष बियाचा, मग जागा बदलून उपयोग नाही, पोर मायजवळ राहील. असा न्याय! लवकीवरून पोरीचा निकाल लावणारे शहाणे दुसरीकडे शोधून सापडायचे नाहीत.

गंमत अशी की जो लवकीत जिंकणार तो पोरीत हरणार होता, आणि पोरीत जिंकणारा लवकीत. हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गोजराबाईच्या आलं होतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

प्रयागबाईने त्या वेलाला पाणी घालताना काय काय केलं ते तिचं तिला माहीत. माळ्याची लेक ती, जन्मभर गोड पिकावं म्हणून हात जोडलेले. आता पोहरादेवीच्या दिशेने तोंड करून धनजची लवकीही कडू पिकू दे म्हणून नवस बोलत होती. असा नवस देवीने पहिल्यांदाच ऐकला असेल.

ठरल्या दिवशी उकंडाजी आपली टोपली घेऊन आला. बगलेत स्वतःचा पितळी लोटा होताच. दुसऱ्या कोणाच्या भांड्याने तो पाणी पीत नसे, तहानेने जीव गेला तरी. पुंजाजीची टोपली निंबाखाली तयार होती. शेजारी शेजारी दोन्ही ठेवल्या आणि मंडळी पडवीत बाजेवर चहाला बसली. हेमला नाईकाने तोंड साफ करायला गुळाचा खडा मागून घेतला. दोघे व्याही त्याच्यासमोर छाती फुगवून सांगू लागले की आपली लवकी आपण अंधारात नुसता हात फिरवून ओळखू, खुणेची गरजच नाही. चहा संपत आला तशी गोजराबाईने न विचारता आणखी ठेवला.

प्रयागबाई अंगणात मेथी निवडत होती. तुळसा टोपल्यांपाशी आली. तिने एक लवकी काढून जमिनीवर ठेवली. मग दुसरी काढली, पहिलीशी ताडून पाहिली आणि पलीकडे ठेवली. प्रयागबाईची बोटं थबकली. एक हाक मारायची, टोपली उचलायची, एवढंच काम होतं. तिने पडवीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मेथीची काडी मोडता मोडता धनजची टोपली पायाने हळूच पोरीकडे सरकवली.

चहा पुन्हा झाला. गोजराबाईने परत आधण ठेवलं. नाईक नको नको म्हणत होता.

मंडळी उठून आली तेव्हा निंबापासून विहिरीपर्यंत लवक्यांची एक लांबलचक ओळ लागली होती. बोटाएवढ्या कोवळीपासून मांडीएवढ्या जूनपर्यंत, एकही मागेपुढे नाही, आणि दोन्ही टोपल्या रिकाम्या. तुळसा टोकाला बसून मोटेचा आवाज काढत होती.

पुंजाजीने कपाळाला हात लावला. नाईक शांतपणे म्हणाला की बिघडलं काय, तुम्ही तर अंधारात ओळखता, आता लख्ख ऊन आहे, घ्या आपापली वेचून. दोघे ओळीवरून फिरले आणि दोघांनीही नेमकी एकच लवकी धरली, मधली, सडपातळ, हिरवीगार. हा म्हणे माझी, तो म्हणे माझी. ओढाताण सुरू झाली. ओळीत भोक पडलं तशी तुळसाने अशी किंकाळी फोडली की बैल बिचकले. पुंजाजीने घाबरून लवकी ठेवली ती चुकीच्या जागी, आणि किंकाळी आणखी वर चढली.

"तेथं नाई इवाई," उकंडाजी खाली बसत म्हणाला, "इच्याहून ते बारीक हाय. इकडे आना."

त्याने ती जागेवर लावली. पोर गप्प झाली. पण आता पुंजाजीला पुढच्या दोन खटकू लागल्या. तोही उकिडवा बसला. देठ धरून मोजायचं की देठ सोडून, यावर दोघांत वाद लागला, पण हलक्या आवाजात, कामातल्या माणसांसारखा. पुंजाजीने एक उचलून नजरेसमोर धरली. तुळसाने ती त्याच्या हातातून घेतली, ताडली, आणि बरोबर जागी ठेवली. आजवर तिने आज्याच्या हातातून काही घेतलं नव्हतं. पुंजाजीने रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि लगेच दुसरी दिली.

नाईक ताटकळला. त्याने गूळ खाऊन टाकला. शेवटी चाकू काढून तो वाकला आणि ओळ न मोडता जागच्या जागी प्रत्येक लवकीचा नखाएवढा कपरा काढून चाखत निघाला. विहिरीपाशी पोचेस्तोवर त्याचं तोंड पार वाकडं झालं होतं. एक गोड, दोन कडू, पुन्हा गोड, पुन्हा कडू, असा सगळा गोंधळ, आणि कोणाची कोणती ते देवालाही सांगता आलं नसतं.

तो थुंकून आला आणि दोघांसमोर उभा राहिला.

"तुमाले आपली लवकी वळखू येत नाई, आन पोट्टीचं वळन कोनाचं ते सांगून राह्यले? पुंजाजी, तू बजारात वांग्याच्या ओळीतून मधलं वांगं कोनाले काढू देत नाई. मले बी नाई देत. आन उकंडाजी, तो लोटा बगलेतून कधी सुटते तुया? मले तं वाटते, या पोट्टीले तुमी दोघायनं मिळून घडवलं."

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. उकंडाजीने लोटा मागे लपवला. पण पुंजाजी इतक्यात हार मानणारा नव्हता. बी राहू द्या, म्हणाला, पण वावर बदलून पाहायला काय हरकत आहे, कारंज्याला...

प्रयागबाई उठली. मांडीवरची मेथी सगळीकडे सांडली. सासऱ्यासमोर तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं तेव्हा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा आला.

"मामाजी, मी वावर नोय. मी तिची माय हाव. तुळसा कारंज्याले जाईन तं मी संगं जातो. मंग भाकर तुमची तुमी थापजा."

पुंजाजीने आधाराला बायकोकडे पाहिलं. गोजराबाई कपबशा गोळा करत होती.

"मले नाई जमत बाप्पा," ती म्हणाली. "माये हात दुखते."

दौलतने मान हलवली. या वेळी बायकोकडे बघून. मग पुंजाजी खाकरला आणि म्हणाला की तशी बहीणही आता थकली आहे, कशाला तिला त्रास. उकंडाजी म्हणाला, खरं आहे. लवकीच्या भांडणात दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच. जरा वेळाने दोघे पुन्हा ओळीपाशी जाऊन बसले.

प्रयागबाई सांडलेली मेथी वेचून चुलीपाशी आली. सासू कपबशा धूत होती. तिने मान वर केली नाही.

"पुढच्या खेपेले टोपलं जरा लवकर सरकवजो," ती म्हणाली. "चाय करता करता मायाजवळचा गूळ सरला होता."

प्रयागबाईला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं. गोजराबाईने हात पदराला पुसले, टोपल्यातली एक भाकर काढली, तिचे काठ तोडले, आणि पोरीला हाक न मारता बाहेर जाऊन ओळीच्या शेवटी, सगळ्यात मोठ्या लवकीच्या पुढे ती ठेवून आली. तुळसाने भाकर लवकीशी ताडून पाहिली. रुंदीला मोठी भरली. मग तिने ती उचलली आणि खाल्ली.