मैत्रिणीचा मुलगा

मूळची आयर्लंडची नोरीन माझ्या लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. १९८९ साली तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "डॉक्टर, फिन्टनला कळवायचं नाही. कळलं तर तो येईल."

मुलगा येईल म्हणून घाबरणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली. मला चौकशा करायची खोड आहे, पेशंटही त्याबद्दल कुरकुरतात. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की फिन्टन चार वर्षांपूर्वी टूरिस्ट म्हणून बॉस्टनला गेला आणि तिथेच राहिला. बायको आहे, लहान मुलगी आहे, कागद मात्र नाहीत. एकदा बाहेर पडला की अमेरिका त्याला परत आत घेणार नव्हती.

"अगं सुलक्षणा, आयरिश माणसाला कसला व्हिसा? You've got it wrong," माझा नवरा माधव म्हणाला. मलाही खरं वाटेना. हीथ्रोवर तासन्‌तास ताटकळलेले आम्ही! नोरीन तर आयर्लंडमधल्या गॉलवेहून बोटीनं इंग्लंडला आली आणि सोमवारी कामाला लागली, कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये इथल्या आयरिश लोकांना भेटायला आयरिश सरकारचा एक अधिकारी येणार होता. ते सरकार फिन्टनसारख्या मुलांसाठी अमेरिकेकडे व्हिसा मागत होतं. देश सोडून गेलेल्यांसाठी सरकार भांडतं? मला चक्क हेवा वाटला. ते बघायलाच मी नोरीनबरोबर गेले.

हॉलमध्ये साठेक माणसं होती. "माझ्या मैत्रिणीचा मुलगा शिकागोत आहे..." "आमच्या शेजारणीची मुलगी..." एकालाही स्वतःचं मूल नाही! दवाखान्यात हे मी रोज ऐकते, मूळव्याध नेहमी मित्रालाच झालेली असते.

नोरीनची पाळी आली. "माझ्या एका मैत्रिणीचं ऑपरेशन आहे," एवढं म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. मला राहवलं नाही. आमच्याकडे भारतात काम व्हायला हवं असेल तर आधी नाव-गाव सांगतात. मी उभी राहिले.

"मैत्रीण नाही, ऑपरेशन हिचंच आहे. मुलगाही हिचाच. फिन्टन. बॉस्टनला बांधकामावर आहे. आईला भेटून त्याला परत जाता आलं पाहिजे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाव फुटलं तर तिकडे पोरगं पकडलं जाईल, हीच तर तिथे सगळ्यांना धास्ती होती. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"नाव मी ऐकलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी काही होईल असं सांगता येत नाही. पण आम्ही मागत राहू."

नोरीन माझ्या पुढे चालत जाऊन गाडीत बसली. नसता आगाऊपणा केला म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी माफी मागितली.

"चार वर्षांत चारचौघांत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "पुन्हा घ्या."

"फिन्टन," मी पुटपुटले.

तिनं खिडकीची काच खाली केली. बाहेर माणसं आपापल्या गाड्यांकडे जात होती.

"मोठ्यानं," ती म्हणाली.