उलटे आटे

ध्रुवने दोन वर्षांत स्वतःहून कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे त्या दुपारी मोबाइलवर त्याचं उत्तर आलं, तेव्हा रोह्याच्या भंगारवाल्यापुढे भर उन्हात उभी असलेली ऋजुता ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. "मागच्या चाकाजवळचा फोटो पाठव. उजव्या बाजूने."

ऋजुता त्याची थोरली बहीण. रोह्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि रोज पेणहून एसटीने येऊन-जाऊन करायची. घर रामवाडीत, घरात आई आणि हा धाकटा भाऊ. ध्रुव पुण्यात इंजिनिअर होता, दर रविवारी पहाटे रेसिंग सायकल काढून घाटात जाणारा. मग हळूहळू त्याचं काहीतरी बिघडत गेलं. आधी सायकल विकली, मग नोकरी सोडली, आणि एका गणपतीत घरी आला तो परत गेलाच नाही. डॉक्टर नैराश्य म्हणाले. गोळ्या दिल्या, पुढे त्या बदलल्या. आई, म्हणजे सुहासिनीबाई, आल्यागेल्याला 'घरूनच काम करतो' असं सांगायच्या. तो काम करत नव्हता. पंख्याकडे बघत पडून असायचा आणि ताटातलं अर्धं टाकायचा.

भंगारात ती सायकल दिसली तेव्हा ऋजुताला खरं तर काहीच कळलं नव्हतं. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल तेवढं ध्रुवच्या सायकलमुळे ओळखीचं वाटलं, म्हणून तिने फोटो काढून त्याला पाठवला होता. बाकी सगळीकडे कुणीतरी ब्रशने लाल ऑइलपेंट फासला होता.

"ही सायकल नाय मॅडम, नुसता सांगाडा हाय," भंगारवाला नाथा म्हणाला. "खांब गावच्या एका बंगल्यातून आली. कंपनीत कोण गोरा साहेब व्हता, त्याची. वजन करून देतो."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ती रामवाडीला आली. ध्रुव बनियनवरच अंगणात आला. उकिडवा बसला, नखाने रंग खरवडला आणि नळ्या जिथे एकमेकींत जातात त्या सांध्यांवरून बोट फिरवत राहिला. "हे हाताने केलेलं काम आहे, ताई. बघ, कडा कशा पातळ घासल्यात. चाळीसेक वर्षांची तरी असेल." आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला सायकलीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण मुलाचा आवाज कळत होता.

मग अंगण म्हणजे कारखाना झाला. चाकं सुटली, साखळी डिझेलमध्ये बुडाली, पॉलिश पेपरने लाल रंग उतरत गेला. खालून आकाशी रंग निघाला, फिका, कैरीच्या दिवसांतल्या सकाळच्या आभाळासारखा. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. स्टिकर केव्हाच गेलेले आणि पेडलांखालच्या नळीवरचा नंबर गंजाने खाल्लेला. ध्रुव जुन्या सायकलींच्या नादिष्टांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, उत्तरं वाचून दाखवायचा, त्यांच्याशी भांडायचा. जेवताना बोलायचा. एकदा त्याने आणखी एक पोळी मागून घेतली, तर आई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

एके दिवशी तो ऋजुताच्या स्कूटरवर मागे बसून हमरापूरलाही आला. गणपतीच्या कारखान्यात हिरामण म्हणून रंगारी होता, स्प्रेवर त्याचा हात फार साफ होता. अर्धवट रंगवलेल्या मूर्तींच्या रांगांमधून ध्रुव सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा काखेत धरून चालला.

"हाच आकाशी हवा. अगदी हाच."

हिरामणने चिमटा उजेडात फिरवून पाहिला. "होईल की. पण घाईच्या आधी आणा. एकदा ऑर्डरी सुरू झाल्या की मला श्वास घ्यायला सवड नाय."

"आठवड्यात आणतो," ध्रुव म्हणाला. परतताना त्याने स्कूटर चालवायला मागितली. मागे बसलेल्या ऋजुताचे डोळे वाऱ्याने पाणावले की आणखी कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आता एकच काम उरलं होतं. पेडलांचा दांडा ज्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप असतात. डावा निघाला होता, उजवा जाम बसला होता. इंग्लिश सायकलीत उजव्या कपाचे आटे उलटे असतात, सगळं जग ज्या बाजूला फिरवून सोडवतं त्या बाजूला तो घट्ट होतो. फ्रेंच सायकलीत मात्र आटे सरळ असतात. म्हणजे ही सायकल कुठली, ते आधी ठरवणं भाग होतं.

"इंग्लिशच आहे," ध्रुव म्हणाला.

ऋजुताने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणला होता. हँडलची दांडी तिने स्वतः मोजली. इंग्लिश मापापेक्षा ती किंचित कमी भरली, फ्रेंच मापाइतकी.

"झिजली असेल," तो म्हणाला. "फ्रेंच असली तर संपलंच, ताई. तिचे पार्ट इथे कुठून आणायचे?"

कॉलेजातल्या मुलांना ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, माप पटत नाही म्हणून ते चूक ठरत नाही. पण भाऊ समोर हात काळे करून बसला होता, दाढी केली होती, डोळ्यांत जीव आला होता. ती म्हणाली, "असेल झिजली."

रविवारी सकाळी त्याने पाना लावला, पान्यावर लांब पाइप चढवला आणि जोर केला. कप हलेना. डिझेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पुन्हा जोर केला.

"तूही लाव जोर. मी फ्रेम धरतो. मी तीन म्हटलं की सगळा भार टाक."

तिने सगळा भार टाकला. काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि क्षणभर दोघंही हसले. मग ध्रुवचं हसू तोंडावरच राहिलं. कप होता तिथेच होता. खालची तिरकी नळी सांध्यातून फाटून बाहेर आली होती आणि फटीतून गंजाचा भुगा फरशीवर सांडत होता.

ध्रुवने पाना काढून पुन्हा लावला आणि या वेळी दुसऱ्या बाजूला फिरवला. करकरत कप सुटला, सरळ आट्यांवरून फिरत बाहेर आला. तो त्याने तळहातावर धरला.

"फ्रेंच," तो म्हणाला. "आता कळलं."

"ध्रुव, वेल्डिंग होईल. मी विचारते."

त्याने हत्यारं पुसून ओळीने ठेवली. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. मग तो खोलीत गेला आणि त्याने आतून कडी घातली. आजवर त्याने ती कधी घातली नव्हती. दुपारी आईने हाक मारली, संध्याकाळी ऋजुताने. "जागा आहे मी," एवढंच उत्तर आलं.

सकाळी रिक्षात फ्रेम घालून ती हायवेलगतच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेली. त्याने नळीवर टिचकी मारली, कान लावला, बॅटरीने आत पाहिलं. "ताई, आतनं कधीच गेलीय ही. वरनं चांगली दिसते इतकंच. वेल्डिंगची आच लागली तर आणखी फाटेल." त्याने दोनदा नाही म्हटलं, तरी ती तिथेच उभी होती. शेवटी त्यानेच फ्रेम उचलून रिक्षात ठेवून दिली.

वाटेत हिरामणचा फोन आला, रंग जुळवून ठेवलाय म्हणून. तिने त्याला सांगितलं, "राहू द्या. आता नको."

घरी आल्यावर ती बंद दाराशी बसली. "नाही होत म्हणाला," तिने सांगितलं. "माप बरोबर होतं, ध्रुव. मला दिसत होतं. मी बोलायला हवं होतं."

"मलाही दिसत होतं," तो आतून म्हणाला.

दुपारी कधीतरी तो बाथरूमला जायला बाहेर आला. परतला तेव्हा ऋजुता स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्या दारापाशी गुडघ्यांवर बसली होती.

"काय करतेयस?"

"कडी काढतेय."

त्याला समजायला वेळ लागला नाही. "ताई, मी काही..."

"तू काय करशील, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही मला. तुला तरी आहे का?"

तो भिंतीला टेकला. "नाही."

स्क्रू जुने होते, रंगात बसलेले. दार सारखं मागे सरकत होतं आणि ड्रायव्हर खाचेतून निसटत होता. थोडा वेळ ध्रुव बघत राहिला, मग त्याने पुढे होऊन दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं. एकेक स्क्रू निघाला. कडी तिच्या हातात आली. लाकडावर फिकट चौकोन उरला.

"तू थकत नाहीस का गं?" त्याने विचारलं.

"थकते."

त्याने मान हलवली, जणू हेच उत्तर त्याला हवं होतं, आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. ऋजुताने टेबलावरची गोळ्यांची पाकिटं गोळा करून आईच्या कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळी सगळ्यांत आधी याच, ते म्हणाले. कॉलेजात रजा कळवली. मग ती खोलीत आली आणि पलंगाजवळ जमिनीवर बसली.

त्याची पाठ संथ खालीवर होत होती. तो झोपलाय की नुसता डोळे मिटून पडलाय, ते तिला ओळखता येईना. बाहेर आई सायकलचे सुटे भाग गोणीत भरत होती, आवाज होऊ नये म्हणून एकेक करून.