पुस्तकातलं बोट

तिसऱ्या पानावर मी होतो. लालबुंद तोंड, केरसुणीसारख्या भुवया आणि उजव्या हाताचं पहिलं बोट सगळ्या जगावर उगारलेलं. खाली माझ्या सुनेनं, सपनानं लिहिलं होतं, 'गाडी बंद पडली, आजोबा भडकले!' ती ते मोठ्यानं वाचत होती आणि नातीच्या, आचलच्या वाढदिवसाला जमलेली मंडळी खिदळत होती. आमचे व्याही बापूजी तर नाचणगावहून खास हसायलाच आल्यासारखे पोट धरून हसत होते.

चित्रं माझ्या मुलाची, धीरजची. दोन वर्षांपूर्वीची आमची चिखलदऱ्याची सहल घाटात गाडी बंद पडून बोंबलली, तिचं या दोघांनी आचलसाठी बारा पानी पुस्तक करून छापून आणलं होतं. पुढच्या पानांवर माकडं होती, सांडलेला चिवडा होता आणि मदतीला धावून आलेलं एक अस्वल होतं. त्या अस्वलानं गाडी दुरुस्त केली.

अस्वलानं! बत्तीस वर्षं मी हिंगणघाटच्या आसपासच्या विहिरींवरचे मोटारपंप दुरुस्त केले. त्या दिवशी गाडीच्या इंजिनाचा सरकलेला पट्टा मीच चढवत होतो. हात आत होता म्हणून ओरडलो, चावी फिरवू नको. धीरजनं फिरवली. चित्रात उगारलेल्या त्याच बोटाचं वरचं पेर गेलं. रुमाल गुंडाळून उरलेलं काम केलं, तेव्हा कुठे गाडी घाटाखाली उतरली. नातेवाइकांना मी सांगितलं, बोट पंपात गेलं. पोराची लाज राखली, आणि पोरानं मला हे बक्षीस दिलं.

आचल तेव्हा चार वर्षांची, मागच्या सीटवर झोपलेली. तिला त्यातलं काही आठवत नाही. आता पुस्तकात आहे तेच तिला आठवणार, आणि याचीच मला आग लागली होती.

मंडळी जेवायला बसल्यावर धीरजला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, माझं बोट गेलं ते पुस्तकात कुठं आहे. सपना मध्ये पडली, म्हणाली, "मामाजी, लहान लेकराच्या पुस्तकात रक्त कसं दाखवावं?"

धीरज केक कापत राहिला. "बाबा, तुमी ओरडलेच होते नं तवा? खोटं काय काढलं म्या?"

"काऊन ओरडलो, थेबी काढ मंग."

तो केकचे तुकडे प्लेटांत मांडू लागला. मी तरातरा बाहेर आलो. ते पुस्तक उचलून चुलीत घालायचं मनात होतं, पण आचल ते मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझा हात ओढून पानावर ठेवला, चित्रातल्या बोटाशेजारी माझं बोट लावून पाहिलं.

"आबाजी, हे तुमी नाई. याचं बोट पुरं हाये."

केवढी खूश झाली होती ती. मी गप्प बसलो असतो तरी सुटलो असतो.

"मीच आहो तो," म्हणालो. तिचं काळं स्केचपेन मागून घेतलं आणि चित्रातल्या बोटाचं वरचं पेर गिरगटून टाकलं.

"मंग हे कुठी गेलं?"

दारात धीरज केकच्या प्लेटा घेऊन उभा होता. त्याच्यामागं बापूजी.

"तुह्या बापाले विचारजो," मी म्हणालो.

ती उघडं पुस्तक घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. धीरजनं हातातल्या प्लेटा खाली ठेवल्या, पण पुस्तक हातात घेतलं नाही.