नारिंगी कागदाची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आखातातल्या जबल अली बंदराच्या एका गोदामात, मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. जवळ या मित्रांनो, घाबरू नका. घाबरणारे मी पुष्कळ पाहिले, म्हणून आधीच सांगते.

माझा जन्म थंड मुलखातला. तिथल्या एका सुताराने देवदाराच्या फळ्या तासून मला बनवले. त्याचे काम चोख होते, फक्त तळाच्या दोन फळ्यांमध्ये त्याने एक फट ठेवली. बोटभरही नव्हती ती, पण पुढचे सगळे रामायण त्या फटीतूनच घडले.

माझ्या पोटात पाच हजार पितळी पुंगळ्या भरल्या गेल्या. पुंगळी म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच. नेमबाजीचा सराव करणारे लोक त्यात दारू आणि शिसे भरून पुन्हा काडतूस तयार करतात. माझ्याकडे दारू नव्हती, शिसे नव्हते. प्रत्येक पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी एक इवलीशी टोपी तेवढी होती. तेवढ्यासाठी माझ्या अंगावर नारिंगी रंगाचा चौकोनी कागद चिकटवला गेला. ‘स्फोटक’ असे त्यावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिले होते.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मार्च महिन्यात मी जहाजातून उतरले. मला एका नेमबाजी क्लबात जायचे होते. पण पोलिसांचा परवाना यायचा होता, आणि तो आलाच नाही. मला जाळीच्या कोपऱ्यात ठेवून कुलूप लावले.

अकरा महिने मी तिथे होते. समोर साबणाच्या, चहाच्या, पंख्यांच्या पेट्या येत आणि जात. दुपारी कामगार त्यांच्यावर बसून डबे सोडत, पत्ते कुटत. लोणच्याचा वास माझ्यापर्यंत यायचा. माझ्याकडे मात्र कुणी फिरकत नसे. झाडूवालासुद्धा चार हात लांबूनच वळायचा. मला रडू येण्यासारखे होते, पण लाकडाला ती सोय नाही.

एकच माणूस माझ्याजवळ यायचा. भिवा. मंडणगडकडचा, पन्नाशीचा, चौदा वर्षे इथे हमाली करणारा. सकाळी कुलूप तपासायला आला की चहाचा कप माझ्यावर टेकवायचा आणि घरच्या गोष्टी बोलायचा. घरी बायको कृष्णाबाई होती. मुलगी कुंदा, तिचे लग्न वैशाखात ठरलेले. तो माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, ठाऊक नाही. मी आपले माझ्याशीच समजून घेतले.

पुढच्या फेब्रुवारीत क्लबाने माल नको म्हणून कळवले. पुंगळ्या परत पाठवायच्या ठरल्या, तेही नव्या लोखंडी पेटीतून. शिपिंगचा कारकून नागेश मोजायला बसला. हा पुण्याचा, तिशीतला, घरी बायको मनाली आणि तान्हे बाळ. मदतीला फोर्कलिफ्ट चालवणारा पेशावरचा लियाकत होता. मोजणी भरली चार हजार नऊशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजले, तेवढ्याच. जहाज सुटायची वेळ झाली होती. लियाकत म्हणाला, “खलास, पूरा लिखो.” नागेशने पेन चावले आणि पाच हजार लिहिले.

ती एक पुंगळी माझ्या तळाच्या फटीत अडकली होती. चपलेतल्या खड्यासारखी टोचत होती मला. ओरडून सांगावेसे वाटले, पण पेटीचे कोण ऐकणार?

मी रिकामी झाले आणि भिवाने मला मागून घेतले. इथले लोक गावी खोका पाठवतात हे तुम्हाला ठाऊक असेल. वर्षभर एकेक वस्तू जमवायची, आणि भरला की बोटीने धाडायचा. माझ्याइतकी मजबूत पेटी त्याला कधी मिळाली नव्हती. त्याने मला पुसले, उन्हात ठेवले. मग भरले. दोन मऊ ब्लँकेटे, मिक्सर, दूध पावडरचे डबे, डोकेदुखीचा बाम, अत्तराच्या कुप्या, आणि सगळ्यात खाली, जुन्या लुंगीत गुंडाळलेली जरीची साडी. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलीने लिहिले, ‘कुंदास, बापाकडून.’ आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी घरी निघाले होते.

त्याच्या खोलीत राहणाऱ्या कुणीतरी त्याला नारिंगी कागद खरवडून काढायला सांगितले. भिवा हसला. आदल्या खेपेला त्याचा खोका वाटेत कुणीतरी फोडला होता. दुधाचे डबे आणि टॉर्च काढून घेऊन दोरी पुन्हा नीट बांधून ठेवली होती.

“राहू दे तो कागद,” तो म्हणाला. “अकरा महिने बघतोय मी. ह्याला बघून कोण हात लावत नाय.”

इंग्रजी त्याला येत नव्हते, अरबीही नाही. पण त्या कागदाला लोक भितात, एवढे तो शिकला होता. चोरावर जालीम उपाय सापडला असे त्याला वाटले. मित्रांनो, हुशारी कधी कधी अशी अंगाशी येते.

शुक्रवारच्या गर्दीत कार्गोवाल्याने फक्त वजन पाहिले आणि मला गाडीत टाकले. बंदराच्या फाटकावर मात्र मला अडवले. कापड, डबे, बाम, सगळे जमिनीवर मांडले गेले. एकाने माझा तळ ठोकला आणि टप्पकन पुंगळी खाली पडली.

भिवाला त्याच दिवशी धरून नेले. तीन दिवसांनी त्याला माझ्यासमोर आणून उभे केले. दाढी वाढलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. गोदामाचा कागद घेऊन नागेशलाही बोलावले होते, दुभाष्या म्हणून लियाकत. अधिकारी शांत माणूस होता. त्याचे म्हणणे सरळ होते. कागदावर पाच हजार आल्या आणि पाच हजार गेल्या. मग ही पुंगळी कुठली? म्हणजे या माणसाने बाहेरून मिळवली आणि कपड्याखाली लपवून पाठवत होता. ते खरे ठरले असते तर कुंदाच्या लग्नाला बाप नसता, आणि पुढची किती वर्षे नसता कोण जाणे.

नागेशने हातातला कागद पुन्हा वाचला. खरे बोलावे तर नोकरी जाणार, आणि व्हिसा नोकरीवरच होता. त्याचा हात माझ्या कडेवर होता. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते.

बोलला भिवा. लियाकतकडे बघून म्हणाला, “नागेशसाहेबानी बरोबरच मोजली असतील. ते शिकलेले हायत. माझंच कायतरी चुकलं असेल, असं सांग त्यांना.”

भिवाची मराठी लियाकतला सवयीने कळायची; ते अरबीत सांगायला त्याने तोंड उघडले. नागेशने त्याला थांबवले.

“गिनती में एक कम थी, सर,” तो म्हणाला. “पूरी मैंने लिखी. भिवाभाऊ का इसमें कुछ नहीं है.”

लियाकतने ते अरबीत सांगितले आणि अधिकाऱ्याने नागेशकडून ते लिहून घेतले. पुंगळ्या परत घेतलेल्या कंपनीकडचे कागद मागवले, तिथेही एक कमीच निघाली. भिवा सुटला. पण कंपनीला भानगड नको होती. तिने त्याचा व्हिसा रद्द करून आठ दिवसांत त्याला विमानात बसवले. चौदा वर्षांची चाकरी, आणि हातात एक पिशवी. लग्नाला मात्र तो वेळेवर पोचला. नागेशची नोकरी वाचली, पण पगार कापून त्याला शारजाच्या गोदामात धाडले. भिवाचे सामान त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून स्वखर्चाने पाठवले. ते पोचेपर्यंत कुंदा सासरी गेली होती.

मला लियाकतने फोर्कलिफ्टवर घालून परत आणले. त्यालाही जाळीचा कोपराच आठवला.

दोन वर्षांनी नागेश एकदा इकडे आला. लियाकतला भिवाचे पत्र वाचून दाखवत होता, अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत. लग्न चांगले झाले, जरीची साडी कुंदाने बाळाच्या बारशाला नेसली. आणि शेवटी लिहिले होते, ‘साहेब, ती पेटी कुठं आहे? फळ्या चांगल्या आहेत, कुणाला तरी द्या. रिकामी ठेवू नका.’ ते वाचून नागेश माझ्यापर्यंत आला आणि त्याने माझ्या फळ्यांवरून हात फिरवला. पण मला नेणार कोण? मलाही घर असते, असे त्या दिवशी फार वाटले.

आता दोन हजार चार साल चालू आहे. लियाकत पेशावरला गेला. नवे लोक आले, तेही चार हात लांबून जातात. नारिंगी रंग उडाला, पण कागद घट्ट आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी पेटी आली तर आधी तिच्यावरचा जुना कागद काढा. तिचा तळ हात फिरवून बघा. आणि मोजताना एक कमी भरली तर एक कमीच लिहा. एवढे सांगून झाले. आता माझ्यासाठी एक मागते. घरातला एखादा जुना चमचा घेऊन या आणि माझ्या अंगावरचा हा कागद खरवडून काढा. जमले नाही तर निदान झाकण तरी उघडा. बाहेरचे सगळ्यांनी वाचले. आत पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले आहेत, ते अजून कुणीच वाचलेले नाहीत.