हृदयासाठी उत्तम

सासऱ्यांच्या रक्ताच्या तपासण्या हातात आल्या आणि सुनेने घरातला किराणा आपल्याकडे घेतला. सासरे जन्मभर बस चालवलेले. रक्तदाब वाढलेला होताच, आता मूत्रपिंडंही ‘जरा दमलीत’ असं डॉक्टर म्हणाले होते. ‘मीठ कमी करा,’ एवढं त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं.

ती लॉण्ड्रीच्या काउंटरवर बसायची. सुटली की घरी यायच्या आधी मोठ्या दुकानात शिरायची. बिस्किटं बंद झाली, लोणच्याची बरणी शेजारी गेली. टोपलीत केळी, टोमॅटो, पालक दिसायला लागले. एका शनिवारी नवरा सोबत होता, तेव्हा तिला ते मीठ सापडलं. हिरव्या पाकिटावर लाल हृदय, खाली ठळक अक्षरात ‘सोडियम कमी, हृदयासाठी उत्तम’.

“हे घेऊ या?” तिने विचारलं.

“घे की. दादांना तेवढीच चव लागेल,” म्हणत नवऱ्यानेच ते टोपलीत टाकलं.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी घास तोंडात घेतला आणि जरा थांबले.

“कसं लागतंय, दादा?”

“झकास,” ते म्हणाले, आणि तिची पाठ वळली तसं त्यांनी अजून चिमूटभर भुरभुरवलं. ते मीठ किंचित कडसर होतं, त्याने काही त्यांचं समाधान होत नव्हतं. पण पोरगी इतक्या हौसेने करतेय, तिला कशाला नाराज करायचं, असं त्यांना वाटे.

महिना गेला. सासरे लवकर थकायला लागले. जिना चढताना मध्येच बसायचे. “इंजिन जुनं झालंय,” म्हणून हसण्यावारी न्यायचे. तिला वाटलं, अशक्तपणा आहे. तिने सकाळी टोमॅटोचा रस सुरू केला.

मग एका सकाळी ते पलंगावरून उठेचनात.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली, “पाय न्यूट्रलमध्ये गेलेत बघ. गिअरच पडेना.”

ती हसत आत आली आणि त्यांचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं. हाताला हात लावला तर गार. नाडी सापडेना. सापडली तेव्हा इतकी सावकाश की पुढचा ठोका येतोय की नाही, असं वाटावं.

दवाखान्यात छातीला तारा लावल्या, सुया टोचल्या, सलाइन लागलं. तरुण डॉक्टरीण बाहेर आली. “यांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलंय. हृदय बंद पडलं असतं. जेवणात काय काय असतं?”

सुनेने भडाभडा सांगितलं. सांगताना तिला जरा अभिमानही वाटत होता. मिठाचं नाव निघालं तसं डॉक्टरिणीने तिला थांबवलं.

“त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घालतात. धडधाकट माणसाला चालतं. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. त्यात केळी, रस... पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं बघा, बारीक अक्षरात.”

बाकाची कड धरून सून खाली बसली.

तेवढ्यात नणंद धावत आली. तिने शेवटचं तेवढं ऐकलं होतं. “म्हणजे विषच घातलंस की गं, वहिनी! वाचता येत नाही का तुला?”

“वन्सं, मला खरंच माहीत नव्हतं...”

“माहीत नव्हतं तर उद्योग कशाला करायचे? साधं जेवण काय वाईट होतं?”

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली आणि पाणी आणतो म्हणून निघून गेला.

सासरे वाचले. आठवड्याभराने घरी आले, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. लेक भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं.

“तिला बोलू नकोस. वरून भुरभुरवणारा मी होतो. मला कडू लागत होतं, तरी मी गप्प बसलो.”

नणंद रडली, वडिलांचा हात धरून बसली. वहिनीला मात्र काही म्हणाली नाही. त्या दिवसापासून तिचा रोज दुपारी फोन यायला लागला. दादा काय जेवले, किती जेवले, कशात शिजवलं. सून कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून एकेक सांगायची.

पुढच्या शनिवारी ती नवऱ्याबरोबर दुकानात गेली. प्रत्येक पाकीट उलटं करायची, वाचायची, परत ठेवायची. दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ बाईंनी काय चालेल, काय नाही हे नीट समजावलं होतं, तरी हात धजेना. फळभाज्यांपाशी ती दुधी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. लोक तिला वळसा घालून पुढे जात होते.

“अगं, घे ना. दुधीने काय होतंय?” नवरा म्हणाला.

“मीठ टोपलीत तू टाकलं होतंस.”

त्याने हातातली टोपली खाली ठेवली.

“मी तुला दोष देत नाहीये. चूक माझीच होती, वाचायला मी हवं होतं. पण वन्सं बोलत होत्या तेव्हा ‘मीही होतो’ एवढं तरी म्हणायचंस.”

“दादा आत मरणाच्या दारात, आणि मी तिथे काय बोलणार होतो?”

“तेवढंच.”

त्याने इकडेतिकडे बघितलं, तिच्या हातातून दुधी घेऊन टोपलीत ठेवला, आणि टोपली उचलून पैसे द्यायच्या रांगेकडे चालायला लागला. टोपलीत दुसरं काहीच नव्हतं. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग घरी दादा जेवायचे थांबले असतील म्हणून त्याच्या मागून गेली.