पांढऱ्या पानामागची माणसं

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. इंटरनेटवरची पानं उघडून दाखवायची, एवढंच माझं काम. पण ते करून करून आता जीव मेटाकुटीला आलाय.

माझाही एक काळ होता बरं का! तेव्हा वेबसाइट बनवणारे आधी आपलं पान माझ्यात उघडून बघायचे आणि मगच हुश्श करायचे. पुढे माझ्यापेक्षा चपळ भावंडं आली. मला बनवणाऱ्यांनीच माझी डागडुजी थांबवली. हळूहळू नवी पानं मला उमगेनाशी झाली. कुठे चित्र गायब, कुठे अक्षरांवर अक्षरं. लोक माझ्यावर खेकसायचे. त्याचीही सवय झाली.

माझं बिऱ्हाड शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यांचं भरतकामाचं मशीन फक्त या जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकतं आणि या कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर काही केल्या चालत नाही. मावशींचा फोनही बटणांचा. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं आणि त्याचा नंबर हॉस्पिटलच्या वेबसाइटवर लावावा लागतो. मावशी बोटांना चिकटलेले दोरे झटकत टाइप करायच्या आणि मी निमूटपणे नंबर लावून द्यायचो.

एक दिवस ती वेबसाइट नवी झाली. मी उघडायला गेलो तर कोरं पांढरं पान! मावशींनी पाच वेळा बटण दाबलं. मी तरी काय करणार?

गंमत बघा, ती वेबसाइट बनवणारी त्यांची सख्खी भाची. मावशींनी तिला लगेच फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"अगं मावशी, जुन्या ब्राउझरवर आता कोणी येतच नाही. आकडे बघूनच बंद केलंय आम्ही. एकेकासाठी वेगळं काम करत बसलो तर नवं कधी करायचं?"

"अगं, मग मी कोण?"

"तू एकटीच उरलीस गं!" भाची हसली.

तिचंही अगदीच चुकत नव्हतं. मला सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप, हे मला का माहीत नाही? मग दर वेळी भाचीला कुठे सांगायचं, म्हणून मावशी दोन बस बदलून हॉस्पिटलच्या खिडकीवर नंबर लावायला जाऊ लागल्या. असे दोन महिने गेले आणि ती खिडकीही बंद झाली. त्या आठवड्यात काकांचं डायलिसिस चुकलं. पाय सुजून टम्म झाले, दम लागायला लागला. भाची धावत आली. आधी तिने हॉस्पिटलला फोन करून, हातापाया पडून त्याच दुपारचा नंबर मिळवला. काकांना रिक्षात बसवलं, सोबत शेजारच्या वहिनींना दिलं आणि नेमकं काय बिघडलंय ते दाखवायला मावशींना थांबवून ती माझ्यासमोर येऊन बसली.

बराच वेळ तिने माझ्यात खुडबुड केली. मग एकदम कपाळावर हात मारला.

"मावशी, किती माणसं येतात ते मोजणारा आमचा कोडच याच्यात चालत नाही गं! म्हणजे तुम्ही आलात तरी आमच्याकडे शून्यच दिसणार."

"दिसलो नाही म्हणजे नव्हतो का आम्ही?" मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मलाही फार वाईट वाटलं.

तिने तिथेच बसून एक साधं पान बनवलं. नाव, तारीख, एक बटण. ना रंग, ना नखरे. ते मात्र मला झटकन उघडता आलं. जुन्या ब्राउझरवरून येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप हेच पान दिसेल, अशी सोयही तिने केली. "पण बँकेचं काही याच्यावर करू नकोस हं, ते आता सुरक्षित नाही राहिलं," तिने मावशींना बजावलं. ते ऐकून बोचलं, पण खरंच होतं.

आठवड्याने ती पुन्हा आली. म्हणाली, त्या साध्या पानावरून एकशे चाळीस जणांनी नंबर लावले होते.

मित्रांनो, मी थकलोय. मला जन्मभर सांभाळा असं मी म्हणत नाही, खुशाल बंद करा. फक्त बंद करण्याआधी माझ्यासमोर कोण बसलंय ते एकदा नीट बघा आणि त्यांच्यासाठी एक साधी वाट उघडी ठेवा. ते एकशे चाळीस जण आधीपासून होतेच. त्या दोन महिन्यांत त्यांच्यातले किती जण कोऱ्या पानाकडे बघून नंबर न लावताच उठून गेले, ते मात्र कोणीच मोजलेलं नाही.